आपण वर की खाली?

नववीच्या मुलींना मी सांगितलं की भारत खाली चाललाय, आणि त्यावरून माझी नोकरी जायची वेळ आली. सांगितलं ते खरं होतं, आजही खरंच आहे. पण खरी गोष्ट कुणाच्या तरी खाली जाण्याबद्दलची असेल तर ती सोलापुरात जपून सांगावी, हे बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, ते दिवस. मी अकलूजची. सोलापुरात एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि एका तेलुगू विणकर कुटुंबाच्या घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चादरींचे माग होते. दिवसभर ते असे धडधडत की माझ्या खोलीतली भांडी फळीवरून पुढं सरकत सरकत यायची आणि मी ती रोज मागं ढकलायचे. भूकंपाचा माझा एवढाच अनुभव. कोयनेच्या वेळी सगळं सोलापूर रस्त्यावर आलं होतं म्हणतात. आमच्या घरी अकलूजला मी तेव्हा गाढ झोपले होते.

आमच्या पुस्तकात डोंगर कसे झाले याचं एकच उत्तर होतं. पृथ्वी थंड होताना आकसली, वाळलेल्या बोरासारख्या तिला सुरकुत्या पडल्या, त्या सुरकुत्या म्हणजे डोंगर. बोरं आमच्याकडं भरपूर, त्यामुळं मुलींना ते लगेच पटायचं. मलाही पटलेलं होतं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला भूगोलाच्या शिक्षकांचं शिबिर झालं, आणि पहिल्याच दिवशी तिथले प्राध्यापक म्हणाले, "पुस्तकातलं ते बोराचं पान विसरा."

त्यांनी फळ्यावर जे काढलं ते मी आधी कधी ऐकलंही नव्हतं. जमीन आणि समुद्रतळ मिळून जे कवच आहे ते अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना प्लेटा म्हणायचं. या प्लेटा सरकतात. समुद्राखाली भेगांतून नवा खडक वर येतो आणि तळ दोन्हीकडं पसरत जातो. पण पृथ्वी काही मोठी होत नाही, मग जुना तळ कुठंतरी जायला हवा. तो दुसऱ्या प्लेटेच्या खाली जातो. जाताना अडकतो, ताण साठतो, एक दिवस सुटतो, तो भूकंप. खोल गेला की त्याच्यावरचा खडक वितळायला लागतो आणि वाट काढत वर येतो, तो ज्वालामुखी. म्हणून तर भूकंप आणि ज्वालामुखी नकाशावर कुठंही नसतात, ओळीनं असतात. मी त्या शिबिरात नीट जेवलेसुद्धा नाही. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंना सगळं सांगत आले. त्या कुर्डुवाडीला उतरल्या. त्यांना दौंडला उतरायचं होतं, असं नंतर माझ्या लक्षात आलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी थांबायला तयार नव्हते. चित्रं नव्हती, तक्ते नव्हते. घरमालकिणीकडून एक कडक भाकरी आणि एक सकाळची मऊ भाकरी मागून घेतली.

"टीचरम्मा, भाजी नको?" तिनं विचारलं.

"नको. शिकवायला पाहिजे."

तिनं माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं, पण भाकऱ्या दिल्या.

वर्गात मी मऊ भाकरी टेबलावर ठेवली. हा खंड, जाड पण हलका. कडक भाकरी म्हणजे समुद्राचा तळ, पातळ आणि जड. कडक भाकरी मऊ भाकरीखाली सारायला लागले. थोडी गेली आणि अडकली. मऊ भाकरीची कडही तिच्याबरोबर आत ओढली गेली. मी आणखी जोर केला. सगळ्या मुली उभ्या राहिल्या. कडक भाकरी काडकन मोडली, मऊ भाकरीची कड फटकन वर आली आणि पीठ उडालं.

"हा भूकंप," मी म्हटलं.

अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, आपला देश कडक का मऊ?"

हा प्रश्न फार चांगला होता, म्हणून मी खरं उत्तर दिलं. आपला देश तसा मऊच, पण त्याची प्लेट उत्तरेला जाऊन धडकली आहे आणि तिबेटच्या खाली घुसते आहे, त्यामुळंच हिमालय उभा राहिला. पूर्वेला अंदमानच्या बाजूलाही ती खाली जाते, तिथं एका बेटावर ज्वालामुखी आहे.

"म्हणजे आपण खाली?"

"हो. आपण खाली."

तास संपला. पहिल्या बाकावरच्या मुलींनी समुद्रतळ शेंगाचटणीबरोबर खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशीच शिपायानं मला गाठलं. तो मैंदर्गीचा, घरी कानडी बोलायचा. हात जोडून म्हणाला, "बाई, आमचं मैंदर्गी बी खाली जाणार का?"

"तसं नाही हो. सगळी प्लेट मिळून सरकते."

"न्हाय, तक्रार न्हाय माझी. विहीर कोरडी हाय की. जमीन जरा खाली गेली तर पाणी जवळ येईल, म्हून इचारलं."

मी त्याला समजावलं की विहीरही जमिनीबरोबरच जाईल. त्यानं विचार केला. "आन पाणी?"

"पाणीही."

"मग काय उपेग?" असं म्हणून त्यानं घंटा वाजवली. त्या दिवशी ती वेळेआधीच वाजली.

संध्याकाळी घरी आले तर घरमालकीण दारातच उभी. शेडवर एक मजला चढवायचं तिच्या मनात होतं. खाली जायचंच असेल तर आधीच एक मजला जास्त चढवून ठेवावा का, असं तिला विचारायचं होतं. तिसऱ्या दिवशी ओळखीचा ना पाळखीचा एक गृहस्थ शाळेत आला. त्याला अक्कलकोट रस्त्याला प्लॉट घ्यायचा होता. तो कुठल्या प्लेटेवर येतो? मी म्हटलं, त्याच. "त्याच म्हणजे खालच्या?" मी हो म्हटलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "दलालानं हे सांगितलंच नाही."

चौथ्या दिवशी सुभेदार आले.

ते त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे आजोबा. फौजेतून निवृत्त होऊन मुलाकडं राहायला आले होते. पांढरा सदरा, पिळदार मिशा, आणि चालताना रस्ता त्यांनाच वाट देतो अशी चाल. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, आणि पाच मिनिटांत मला बोलावणं आलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी कुठल्या?"

"अकलूजची."

"आमी माळशिरसचे. एकाच तालुक्यातलं माणूस म्हून शांतपणे इचारतो. भारत चीनच्या खाली चाललाय असं पोरीस्नी सांगितलंत, व्हय का न्हाय?"

"तिबेटच्या," मी म्हटलं.

"तिबेट कुणाच्या ताब्यात हाय?"

मुख्याध्यापक घाम पुसत होते. ते मनानं फार चांगले, पण प्रोसिजर या शब्दावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. ते म्हणाले, "याची प्रोसिजर आहे. शाळा समितीपुढं विषय घेऊ."

"मी तितं आठ हिवाळं काढल्यात," सुभेदार माझ्याकडं बघतच म्हणाले. "चिन्यांच्या तोंडासमोर. जमीन त्यांच्या खाली चालली असती, तर मला दिसली नसती का?"

त्यांच्या आवाजात राग होता, पण त्याखाली काहीतरी दुखावलेलंही होतं. मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. मी भाकरी सारत होते, तेव्हा त्या भाकरीवर कुणी पहारा दिला असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. समितीचे अध्यक्ष आले. त्यांचे यंत्रमाग होते, आणि शाळेला वर्षाला घंटा, नकाशा, पाण्याचा माठ अशी काहीतरी देणगी ते देत. मुख्याध्यापक स्वतः टिपण लिहायला बसले. सुभेदार ताठ बसले. मी घरमालकिणीकडून दोन नव्या चादरी आणल्या होत्या, कारण भाकरी नेली तर समितीचा अपमान होईल असं तिचं मत पडलं.

मी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. अध्यक्षांनी नीट ऐकून घेतलं.

"एका बाजूनं नवा माल निघतो, दुसऱ्या बाजूनं जुना आत जातो," ते म्हणाले. "बरोबर?"

"अगदी बरोबर," मी आनंदानं म्हटलं.

"मग विक्री कधी होते?"

विक्री होत नाही असं मी सांगितल्यावर या सगळ्या व्यवहारावरचा त्यांचा विश्वास उडाला, हे मला दिसलं. त्यांनी विषय बदलला. "आपल्या सोलापुरात असा ज्वालामुखी आहे का?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण विचारलं की सांगायची खोड. मी म्हटलं, "असा नाही. आपल्याकडं प्लेट खाली गेल्यामुळं नाही, जमिनीला भेगा पडून लाव्हा आला. आपला काळा दगड म्हणजे तोच. या शाळेचा पायाही त्याच दगडाचा."

अध्यक्षांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "म्हणजे शाळा ज्वालामुखीवर बांधली?"

"सगळं सोलापूरच."

"चालू आहे?"

"नाही हो. थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली."

"खात्री?"

"खात्री."

ते मुख्याध्यापकांकडं वळले. "लिहा. ज्वालामुखी बंद असल्याची बाईंनी खात्री दिली." मुख्याध्यापकांनी लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. सोलापूरच्या ज्वालामुखीची जबाबदारी तेव्हापासून माझ्यावर आहे.

मग प्रात्यक्षिक. टेबलावर काच होती, तिच्यावर मी दोन्ही चादरी समोरासमोर पसरल्या. ही आपली, ही त्यांची. आपली मी सारत नेली. ती थोडी त्यांच्या खाली गेली आणि मग दोन्ही चादरींना मधोमध एकावर एक घड्या पडायला लागल्या. घड्या चांगल्या वीतभर उंच झाल्या. "हा हिमालय," मी म्हटलं.

"वेग किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपली नखं वाढतात साधारण तेवढा."

तिघांनीही आपापली नखं पाहिली. सुभेदारांची कातरलेली होती. ती त्यांनी मुठीत लपवली, का कुणास ठाऊक.

मी चादरीला शेवटचा रेटा दिला. नव्या चादरीला खळ असते, ती जरा अडली आणि एकदम सुटली. दौत उडाली, चहाची कपबशी उलटली, आणि शाई आणि चहा एकत्र होऊन अध्यक्षांच्या पांढऱ्या धोतरावर गेले. त्यांचे पाय अजून खुर्चीवरच होते, म्हणून धोतर पसरलेलं होतं. मुख्याध्यापकांनी दुसरी दौत घेतली आणि लिहिलं. ते टिपण मी नंतर वाचलं. "भूकंपाचे वेळी एक दौत व एक बशी फुटली. सभासद सुरक्षित."

तेव्हा सुभेदार त्या बैठकीत पहिल्यांदा बोलले. "एक इचारू?"

"विचारा ना."

"जमीन खाली गेली की वर आग येती म्हणालात. अंदमानला आली. मग हिमालयात का न्हाय? तितं मी आठ हिवाळं काढलं. नुसता बरफ. आमची बोटं गळून पडायची पाळी. तितं ज्वालामुखी असता तर आमी त्याच्याजवळ जाऊन बसलो असतो की."

शिबिरात हे कुणी विचारलं नव्हतं. प्राध्यापकांनी सांगितलंही नव्हतं. मी चादरींच्या घड्यांकडं बघत राहिले. मग म्हटलं, "मला माहीत नाही."

मला वाटलं, आता संपलं. मुख्याध्यापकांनी लेखणी थांबवली. पण सुभेदारांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"माहीत न्हाय म्हणता?"

"नाही माहीत."

"लई बरं वाटलं," ते म्हणाले. "मला बी माहीत न्हाय." ते चादरीवर हात फिरवायला लागले. मग म्हणाले, "एकदा सकाळी आमी चहा पीत होतो. चौकीवर. मगातला चहा आपोआप हलाय लागला. मी तो खाली ठेवला, तरी हलतोय. मग सगळी चौकीच हलाय लागली. वाटलं तोफ. मी आडवा झालो आन समोर गोळी झाडली. समोरून बरफ सुटला, केवढा आवाज! परत झाडली. मग समदं शांत झालं. साहेब पळत आलं. म्हणाले, कुणावर झाडलीस? मी म्हटलं, डोंगरावर, साहेब. त्यानं आदी सुरुवात केली."

कुणी हसलं नाही. हसावं असं वाटलंच नाही.

"समोर माणूस न्हवतं, कुनी न्हवतं. इतकी वर्सं मी इचार करतोय की माझ्याशी लढलं कोण?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ते हेच का?"

"हेच असणार," मी म्हटलं.

"म्हणजे माझ्या खालचीच जमीन व्हती."

"हो. आपलीच."

मग त्यांनी घड्यांखाली हात घातला आणि तळहातानं चादरींचा हिमालय वर उचलला. "आपण खाली हाय म्हून हे वर हाय. आपण काढून घेतलं तर?"

"तर तिबेट इतकं उंच राहणार नाही." हे मात्र मला शिबिरात सांगितलं होतं.

"मग खाली चाललोय कसं म्हणता, बाई? उचलतोय म्हणा की!"

अध्यक्षांना घरी जाऊन धोतर बदलायचं होतं. त्यांनी लगेच ठराव मांडला आणि तो एकमतानं पास झाला: भारत कोणाच्याही खाली जात नसून, हिमालय व पलीकडील प्रदेश स्वेच्छेने उचलून धरीत आहे, व भूगोलाच्या बाईंनी यापुढे असेच शिकवावे. शास्त्राच्या दृष्टीनं त्यात 'स्वेच्छेने' सोडलं तर फारसं काही चुकीचं नव्हतं. मी सही केली.

त्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला शाळेनं सुभेदारांना पाहुणे म्हणून बोलावलं. मुली रांगेत उभ्या, ऊन चढलेलं. त्यांनी भाषण केलं नाही, कवायतीचा हुकूम द्यावा तसं बोलले. "पोरींनो! तुमी हितं सोलापुरात उभ्या हायसा, पर तुमच्या पायाखालची जमीन तितं हिमालय उचलतीया. तिला जरा हात लावा. पाय रोवा! उचला!" आणि सगळ्या मुलींनी खरंच पाय आपटून जोर लावला. मुख्याध्यापकांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग त्यांनीही धोतर सावरून जोर लावला. शिपायानं लावला. मीही लावला. धुळीचा लोट उठला आणि पलीकडच्या कारखान्यातला माणूस भिंतीवरून डोकावून विचारायला लागला की काय झालं. मुख्याध्यापक त्याला धापा टाकत म्हणाले, "काही नाही, प्रोसिजर आहे."

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा शिबिराला गेले, ते मुख्यतः सुभेदारांचा प्रश्न घेऊन. प्राध्यापकांना तो आवडला. ज्वालामुखीची आग कुठून येते यावर अजून वाद चालू आहे, ते म्हणाले. काहीजण घर्षण म्हणतात. पण त्यांचं स्वतःचं मत पाण्याच्या बाजूनं होतं, आणि पुढं तेच बरोबर ठरलं.

सोलापूरला परतल्यावर मी सुभेदारांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. मी सांगितलं की समुद्राचा तळ खाली जातो तेव्हा ओला असतो, त्याच्या खडकात पाणी मुरलेलं असतं. खोल गेल्यावर ते पाणी सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं, आणि पाणी मिळालं की खडक कमी उष्णतेतही वितळतो. आमच्याकडं गुळाचा पाक करताना नुसता खडा तापवला तर करपतो, चमचाभर पाणी घातलं की लवकर पातळ होतो, थोडंफार तसं. हिमालयात मात्र आपल्या आणि तिबेटच्या मधला समुद्र कधीच संपला. आता दोन्हीकडं खंडच आहेत, हलके आणि कोरडे. फार खोल कुणी जात नाही आणि पाणीही नेत नाही. म्हणून नुसत्या घड्या पडतात, धक्के बसतात, पण आग नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे पाणी असलं तर आग लागती."

"हो."

"आन कोरडं असलं तर बरफ."

"तसं म्हणा हवं तर."

"समदं उलटंच हाय," ते समाधानानं म्हणाले, आणि नातीला हाक मारून चहा सांगितला. मग त्यांनी विचारलं, "हे उचलायचं काम किती दिवस चालणार?"

"अजून कोट्यवधी वर्षं."

"मधी सुट्टी?"

"नाही."

"बदली?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. आतून चहा आला. त्यांनी कप माझ्या पुढ्यात ठेवला, स्वतःचा उचलला, आणि प्यायच्या आधी थोडा वेळ आतल्या चहाकडं बघत बसले. तो स्थिर होता. मग ते प्याले.